झांबरे सरांनी धरलेली जागा

झांबरे सरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी माझ्यावर बोट रोखलं होतं, अगदी फौजदारानं रोखावं तसं. सिंधीपुऱ्यातल्या एका पावरलूमच्या कारखान्यावरची ती खोली. चढायला अरुंद जिना, खाली चोवीस लूम एका दमात खटाखट चाललेले, आणि दारात धापा टाकत उभी मी, पन्नाशीला टेकलेली बाई. समोर एक उंच, काटकुळा म्हातारा. पांढरा शर्ट, पट्टा पोटाच्या जरा वरच आवळलेला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि काहीतरी म्हणाले. आवाजात मला काही ऐकू आलं नाही. मी ओरडून विचारलं, "मी काय केलं?" त्यांनी शांतपणे मान हलवली, अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला आणि बोट पुन्हा माझ्याकडे. खोलीतले पंधरा जण एका सुरात गरजले, "आय. यू."

मला वाटलं, मी चुकून वेड्यांच्या दवाखान्यात आले. तासाभरानं जिना उतरले तेव्हा मला आठ इंग्रजी शब्द येत होते आणि ठरवलं असतं तरी त्यातला एकही विसरता आला नसता.

मी तिथं का गेले तेही सांगते. माझं शिलाईचं दुकान आहे, बुऱ्हाणपुरातल्या निम्म्या बायकांची मापं माझ्याकडे आहेत, मला इंग्रजीचं काय काम? पण लेक दिली बंगळूरला. विहीणबाईंना कन्नड येतं आणि इंग्रजी येतं. मला मराठी येतं आणि हिंदी येतं. दर रविवारी फोन. त्या बोलत, मी "येस, येस" म्हणत असे. एका रविवारी असं येस येस करता करता मी त्यांच्याकडे तीन महिने राहायला येते असं कबूल करून बसले. तिकीट आलं तेव्हा कळलं. त्याच आठवड्यात मी सरांचा जिना चढले.

सर मागच्या थंडीत गेले, झोपेतच. त्यामुळं आता त्यांच्याबद्दल मी काय लिहिते आहे ते तपासायला कुणी नाही. ही मोकळीक मी पुरेपूर घेणार आहे.

चांदनी स्टेशनाजवळच्या एका सरकारी शाळेत त्यांनी नोकरीची सगळी वर्षं काढली, रोज पॅसेंजरनं जाऊन येऊन. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी नाशिकला. घरात बसवेना म्हणून संध्याकाळचा क्लास काढला. कारखान्यावरची खोली आवाजामुळं कुणी भाड्यानं घेत नसे, ती यांना मिळाली. पहिले दोन महिने सरांनी लूमशी स्पर्धा केली. लूम जिंकले आणि सरांचा घसा बसला. मग एका संध्याकाळी जिन्यावरून त्यांनी खाली पाहिलं. रामदास कोष्टी नावाचा विणकर चाळीस फुटांवरच्या जोडीदाराशी बोलत होता. तोंड बंद, हात चालू. सर तिथंच थांबले. पाच मिनिटांत त्यांना कळलं की तिसऱ्या रांगेतला आज आलेला नाही, त्याची बायको आजारी आहे, आणि मालकाला हे अजून माहीत नाही.

पाळी सुटल्यावर सरांनी रामदासला चहाला नेलं. विचारलं, "तुझ्या बोलण्यात 'तो' कुठं होता?" रामदासनं नसलेल्या मिशीला पीळ दिला. "आणि 'ती'?" त्यानं कानाची पाळी चिमटीत धरली. सर ही गोष्ट सांगत तेव्हा त्यांचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे. "बाई, पस्तीस वर्षं मी सर्वनामं शिकवली आणि ती काय असतात ते मला त्या टपरीवर कळलं. ती बोटं असतात. समोर आहे त्याच्याकडे दाखवायचं, झालं. नावगाव विचारत बसायचं नाही."

तेव्हापासून क्लास बोटांवर चालू लागला. आय म्हणजे अंगठा छातीवर. यू म्हणजे सरळ बोट. ही म्हणजे मिशी, शी म्हणजे कानाची पाळी, इट म्हणजे करंगळी जमिनीकडे. वी म्हणजे स्वतःपासून सुरू करून हवेत काढलेलं गोल, आणि दे म्हणजे तेच गोल लांब ढकलून दिलेलं. माझं-तुझं-त्याचं यायला लागलं की मूठ वळायची. 'त्यानं तिला ते दिलं' हे आम्ही मिशी, हात पुढं, करंगळी, कान असं म्हणत असू. पन्नाशीच्या बाया आणि पोट सुटलेले केळीचे व्यापारी हे सगळं एका तालात करत. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर गणपतीतल्या नाचाची तालीम वाटली असती.

खरी मजा लाईट गेली की यायची. लूम एकदम थांबायचे आणि आमचा आवाज मात्र लूमवर मात करण्याच्या पट्टीत. एकदा अशीच लाईट गेली आणि मी नेमकी उभी राहून "ही इज माय हजबंड" असं मिशीला पीळ देत बोंबलत होते. समोर केळीवाले पाटीलशेठ होते. गल्लीनं ऐकलं. आमच्या घरी ती बातमी माझ्याआधी पोचली.

प्रत्येक सर्वनामाबद्दल सरांचं एक मत होतं, आणि ते मत विचारावं लागत नसे. यूबद्दल म्हणायचे, "कलेक्टरला यू, कुत्र्याला यू, देवालाही यू. फार सोयीची भाषा. अपमान करायला शब्द बदलावा लागत नाही, नुसता आवाज बदलला की काम होतं."

पाटीलशेठ म्हणाले, "मग सर, मान कसा द्यायचा?"

"बाकीच्या वाक्यानं. आपल्याकडे 'आपण' म्हणून सुरुवात केली की पुढं काय वाटेल ते बोलायला लोक मोकळे."

वीवर त्यांचा राग होता. "मराठीत 'आम्ही' म्हटलं की तू बाहेर, 'आपण' म्हटलं की तू आत. इंग्रजांचा वी ऐकून माणूस उंबऱ्यावरच उभा." हे मला बंगळूरला जाऊन पुरेपूर कळलं. विहीणबाई म्हणाल्या, वी आर गोइंग टू मैसूर. मी पहाटे उठून पिशवी भरली, दशम्या केल्या आणि सोफ्यावर जाऊन बसले. गाडीत जागा चौघांची होती आणि ते चौघं होतेच. दशम्या मात्र मैसूरला गेल्या. परत आल्यावर हे सांगितलं तेव्हा सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

लेकीच्या ऑफिसात एक जण होतं, त्यांना ही नको, शी नको, दे म्हणा असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. मला वाटलं, सर चिडतील, जरा तमाशा बघायला मिळेल. म्हणून मी ते मुद्दाम भर क्लासात काढलं. सर म्हणाले, "त्यात काय? झांबरे सर आले, ते बसले, त्यांनी चहा घेतला, असं तुम्ही म्हणता तेव्हा मी किती जण असतो? एका माणसाला आपण रोज अनेकवचनात बोलावतो. मराठी माणसानं तरी यावर हसू नये." माझा तमाशा तिथंच आटोपला.

पण त्यांचं खरं वैर होतं ते आमच्या गावच्या 'अपन'शी. बुऱ्हाणपुरात कुणी मी म्हणत नाही. अपन कल इंदौर जा रहे. अपन को क्या मालूम. अपन से गलती हो गई. सर म्हणत, "अपन म्हणजे गर्दी. गर्दीत चेंगरलं कुणी तर मारलं कुणी?" क्लासात कुणी "सर, अपन भूल गए" म्हटलं की सर त्याला उभं करत आणि फार काळजीनं विचारत, "तुझ्यासोबत कोण होतं?"

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. सरांनी स्वतःची चूक कबूल केलेली मी कधी पाहिली नव्हती. त्यांचं आणि डिक्शनरीचं जमलं नाही तर ते डिक्शनरीच्या छापखान्याला दोष देत.

पहिल्या रांगेत बसायची वर्षा, रामदासची मुलगी. वय तेवीस, बी.ए. आणि डी.एड. झालेलं. सकाळी खालच्याच कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात घालायच्या दोऱ्याच्या नळ्या, आणि संध्याकाळी वर येऊन बसायची. बापाच्या बोटांची भाषा तिला बोलायच्या आधी येत होती. सर एखादी खूण अर्धी करत तोवर तिची पुरी झालेली असायची. तिला मास्तरीण व्हायचं होतं. गावाबाहेर एक इंग्रजी शाळा आहे, तिथं पाचवीच्या इंग्रजीची जागा निघाली. नमुन्याचा एक पाठ घेऊन दाखवायचा होता. आदल्या दिवशी ती माझ्या दुकानात ब्लाउज न्यायला आली. मी म्हटलं, "घाबरलीस का गं?"

"डर तो लगता है काकू. गावात दुसरी शाळा मेरेको घेणार नाही, सगळीकडे विचारून झालं. ये नहीं हुआ तो जिंदगीभर कांडी."

पाठ कसा झाला ते मला शाळेच्या प्रिन्सिपल मॅडमनी सांगितलं. त्यांच्या बाह्या मीच शिवते. मागच्या बाकावर त्या आणि संस्थेचे मालक बाबूजी. बाबूजी म्हणजे पांढऱ्याशुभ्र मिशांचं भारदस्त प्रकरण. वर्षानं सुरुवात केली ती लूमच्या पट्टीत. पुढच्या रांगेतल्या मुलांनी कानावर हात ठेवले. मग तिनं आय म्हणून अंगठा छातीला लावला आणि यू म्हणून बोट सरळ पुढं केलं. सरळ पुढं बाबूजी होते. मग 'ही' शिकवायला तिनं मिशीला पीळ दिला, आणि वर्गात खरी मिशी एकच होती म्हणून तिच्याकडे पुन्हा बोट.

"कुंदाताई," मॅडम म्हणाल्या, "बाबूजींकडे आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. डॉक्टरसुद्धा हात जोडून नाडी बघतात."

बाबूजी उठून गेले. व्हरांड्यात म्हणाले, आणि आत ऐकू जाईल असं म्हणाले, "कारखाने की लड़की है, कारखाने में ही ठीक है."

वर्षा क्लासला यायची बंद झाली. तिसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. ते उसळले. "बोट न दाखवता यू शिकवून दाखवा म्हणावं त्यांना." मग शिकवायला वळले, सवयीनं बोट वर केलं, आणि ते तसंच हळूच खाली घेतलं. त्या दिवशी क्लास अर्ध्या तासात सुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते तर सर पायरीवर उभे. शर्टाला कडक इस्त्री. "बाई, त्या शाळेत ओळख आहे ना तुमची? चला."

बाबूजींच्या खोलीत सरांना खुर्ची दिली, ते बसले नाहीत. म्हणाले, "साहेब, इंग्रजीत एक रीत आहे. कौतुक घ्यायचं असेल तर आधी तुम्ही, मग तो, शेवटी मी. चूक सांगायची असेल तर मी सगळ्यांच्या आधी. त्या मुलीनं जे केलं ते मी शिकवलेलं होतं. चूक माझी आहे." मी त्यांच्याकडे ग्रहण बघावं तशी बघत राहिले. मग हेच त्यांनी इंग्रजीतून सांगितलं, जरा जास्त विस्तारानं. इतकं सुरेख की मला आठ-दहा वाक्यं कळली सुद्धा.

बाबूजींना त्याहून कमी कळली असावीत, पण ते प्रसन्न झाले. "मास्टरजी, ऐसी अंग्रेजी हमारे यहाँ कौन बोलता है? लड़की को छोड़िए. आप ही आ जाइए, सोमवार से."

मला वाटलं, आता सर त्यांना सुनावणार. सर म्हणाले, "येतो."

परतताना रिक्षात मी तोंड फिरवून बसले. तापीवरचा वारा तोंडावर येत होता तरी माझं डोकं तापलेलं. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, "सर, पोरीची जागा घेतलीत तुम्ही."

"बाई, इंदूरच्या बसमध्ये लोक खिडकीतून रुमाल टाकतात," सर म्हणाले. "तो रुमाल इंदूरला जातो का?"

मला कळायला दोन गल्ल्या लागल्या. मग मी विचारलं, "आणि कुणी उचलून फेकला तर?"

"म्हणून तर म्हातारा रुमाल टाकला. म्हाताऱ्याला लोक लगेच फेकत नाहीत. पोरीला मात्र आताच सांगू नका. जागा पक्की नाही आणि आशा लावली, असं नको."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे. ते तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. गाव सरांना बोलत होतं. पाटीलशेठ भर क्लासात म्हणाले, "सर, पेन्शन पुरत नाही का?" सर म्हणाले, "काढा वह्या." रामदास जिन्याखाली भेटला की मान हलवायचा, तो आता धोट्याकडे बघू लागला. आणि वर्षा एक दिवस माझ्या दुकानासमोरून जाताना थांबली. म्हणाली, "दुसरं कुणी घेतली असती तर चाललं असतं काकू. मेरे सर ने ली."

मी तोंडात टाचण्या धरून उभी होते. म्हणून वाचले.

इकडे शाळेत सरांनी पाचवीला बोटं शिकवली. आठवड्याभरात पोरं स्कूलबसच्या खिडक्यांतून एकमेकांना मिशा आणि कान दाखवू लागली. बाबूजी खूश. पाहुणे आले की वर्गाच्या दारात आणून दाखवायचे, "देखिए, हमारे मास्टरजी का तरीका." असंच एकदा पाहुणे गेल्यावर सर त्यांना म्हणाले, "त्या मुलीनं हेच केलं होतं."

"अरे, आपकी बात अलग है," बाबूजी म्हणाले.

सर शाळेतून थेट माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले. पाणी दिलं ते हातातच धरून राहिले. मग म्हणाले, "बाई, आयुष्यात एकदा चूक कबूल केली. तीही चुकीची निघाली."

"म्हणजे?"

"बोट तेच आहे. माझं असलं की पद्धत, तिचं असलं की उद्धटपणा. तिचा आवाज चढला होता, ती माझी चूक. मी तिला लूमवर ओरडायला शिकवलं. पण बोटाची चूक नव्हतीच. आणि मी तिथं उभं राहून, छाती काढून, दोन भाषांत सांगून आलो की ती चुकली." त्यांनी पेला खाली ठेवला. "चला, कारखान्यात जाऊ."

आम्ही पोचलो तेव्हा लूम जोरात होते. वर्षा कांडीच्या मशीनवर, रामदास शेजारीच तुटलेला दोरा जोडत. सरांनी तिला खूण केली: तू, तिकडे, शाळेत. तिनं मान वर न करता बोट सरांकडे केलं आणि मूठ वळली. तुमचं. सरांनी मान हलवून नाही म्हटलं, मूठ वळून तिच्याकडे केली. तिनं मशीनचा वेग वाढवला.

रामदासनं हात लांब करून तिचं मशीन बंद केलं आणि आम्हा तिघांना मागच्या सुताच्या खोलीकडे ढकललं, तिथं जरा ऐकू येतं. "बोलू दे त्यायले, पोरी. मास्तर जिना सोडून खाली आले."

सरांनी तिला रुमालाचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मेरेको भीक नको सर. तुम्ही दया करून दिलेल्या जागेवर मी कशी शिकवू?"

"भीक द्यायला आधी आपलं काही असावं लागतं. ही बोटं तुझ्या बापाची आहेत. मी एका चहावर घेतली, शाळा मला त्यांचा पगार देते, आणि वर पाहुण्यांना दाखवते की ही मास्तरची पद्धत. या तीन आठवड्यांत भीक कुणी खाल्ली ते तूच ठरव." मग म्हणाले, "आणि दुसरं. तू चुकलीस असं मी तिथं जाऊन सांगितलं. ते खोटं होतं. आय वॉज राँग."

वर्षानं त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता रडते. ती फार काळजीनं म्हणाली, "तुमच्यासोबत कोण होतं सर?"

"कुणी नाही," सर म्हणाले. "एकटाच होतो."

रामदास पाठ फिरवून सुताचे गठ्ठे मोजू लागला. त्याचे खांदे हलत होते. हसत होता की काय करत होता, ते मी विचारलं नाही.

त्यानंतरचे आठ दिवस सर तिला रोज पहाटे तापीच्या राजघाटावर नेत. मीही जायची, मला वगळून काही घडणं शक्यच नव्हतं. सर वरच्या पायरीवर, ती खालच्या. मधे नदीचा तेवढा आवाज. "इथं लूम नाहीत," सर म्हणायचे. "मागच्या बाकाशी बोल, मागच्या गावाशी नको." बोटाला त्यांनी हात लावला नाही. एकदा तिनंच विचारलं, "सर, बोट वाकवू का जरा?" सर म्हणाले, "वाकवलं की ते तुझं राहणार नाही."

मग सोमवारी सरांचा गुडघा सुजला. शाळेत चिठ्ठी गेली की चार दिवस वर्षा कोष्टी पाठ घेतील. प्रिन्सिपल मॅडमनी चिठ्ठी वाचली आणि फाईलला लावली. त्यांना सगळं माहीत होतं, कारण शनिवारी त्यांच्या दोन ब्लाउजांची मापं घेता घेता माझा तीळ भिजला नव्हता.

चौथ्या दिवशी बाबूजी वर्गाच्या दारात उभे राहिले. कोणी सांगितलं नव्हतं, फिरत फिरत आले. आत वर्षा आणि चाळीस पोरं. पोरांना शिकलेलं वापरायची केवढी हौस. दारात मिशी दिसताच चाळीस हात मिशीला गेले आणि चाळीस बोटं दाराकडे. "ही." बाबूजींचा हात आपोआप स्वतःच्या मिशीकडे गेला आणि मधेच थांबला.

वर्षा मला नंतर म्हणाली, "काकू, वाटलं, गेली नोकरी, नोकरी लागायच्या आधीच." पण तिनं पोरांचे हात खाली करायला सांगितलं नाही. तिनंही दाराकडे बोट केलं आणि म्हणाली, "ही इज अवर गेस्ट." आवाज मागच्या बाकापुरता. मग तिनं वीचं गोल काढलं, नेहमीपेक्षा मोठं, दारापर्यंत जाईल असं. "वी वेलकम हिम." पोरांनी चाळीस गोलं काढली.

बाबूजी मागच्या मागे वळून निघून गेले. शुक्रवार गेला, शनिवार गेला, निरोप नाही. सरांनी गुडघ्याला पट्टी बांधून ठेवली होती, कुणी आलंच तर असावी म्हणून. रविवारी विहीणबाईंचा फोन आला त्यावर मी काय बोलले ते मला आठवत नाही; बहुधा पुन्हा कुठं तरी जायचं कबूल केलं. सोमवारी सरांना बोलावणं आलं. मी अर्थातच बरोबर.

बाबूजी कागदांत बघत म्हणाले, "मास्टरजी, आपका घुटना कब तक खराब रहेगा?"

"साहेब, आता तो सुधारण्यातला नाही."

"हूँ." बाबूजींनी एक कागद उलटला. "लड़की की आवाज़ अब ठीक है."

"आणि बोट?" सर म्हणाले. मी त्यांच्या पायावर पाय देणार होते. काम झालेलं होतं, गप्प बसायला काय जात होतं? पण सर उभेच, उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाही असे.

बाबूजींनी खिडकीबाहेर पाहिलं. मैदानात मधली सुट्टी चालली होती. "बच्चे तो सीख गए," ते म्हणाले. "अब क्या करें."

सर सुद्धा एवढ्यावर समाधान मानू शकत होते हे मला त्या दिवशी कळलं.

नेमणुकीचं पत्र बुधवारी आलं. वर्षा ते घेऊन संध्याकाळी जिना चढली, मागं रामदास, हातात पेढे. सगळा क्लास थांबला. सरांनी पत्र घेतलं, चष्मा वर सरकवला आणि शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. सरांच्या हातात छापलेलं इंग्रजी गेलं की ते दुरुस्त होऊनच बाहेर यायचं. लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, कशाची सुटका नव्हती. पाटीलशेठच्या मुलाच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी सात खुणा करून ती आहेरासोबत परत दिली होती.

सर वाचत गेले. पेन्सिल दुसऱ्या ओळीवर थांबली. मग पाचवीवर. इतकं इंग्रजी मला तोवर येत होतं, त्या दोन्ही ठिकाणी चुका होत्या, ठळक. वर्षा त्यांच्या तोंडाकडे बघत होती. खाली चोवीस लूम चालू होते.

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. पत्राची घडी होती तशी घातली आणि तिच्या हातात दिली.

"नाव बरोबर लिहिलंय," ते म्हणाले.